माळ्याची बेडरूम करायचीय? आधी टेप आणा

माळ्यावर झोपायला कुणाचीच हरकत नसते. पुण्याच्या पेठांतल्या जुन्या घरांत पाहुणे आले की पोरांची रवानगी वरच व्हायची. पण ‘वर एक बेडरूम काढू’ म्हणून कुणी माझ्याकडे आलं, की मी मोबाइलमधले इंटिरिअरचे फोटो मिटायला सांगते आणि टेप घेऊन वर चढते. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. ऑफिस नारायण पेठेत, बिनलिफ्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, आणि कामं बहुतेक जुन्या कौलारू घरांची. माळ्याची खोली होणार की नाही, हे उंची, खालच्या तुळया आणि जिना मिळून ठरवतात. रंग, पडदे, फ्लोअरिंग यांचं काय ते त्यानंतर बघायचं.

यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून आलेल्यांना आधी एक सांगते. ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथल्या कोडला ७० चौरस फुटांची खोली पुरते, आणि उतरत्या छताखाली त्यातल्या निम्म्या जागेवर सात फूट उंची मिळाली की भागतं. आपल्याकडे भागत नाही. पालिकेत नकाशा तपासला जातो तो यूडीसीपीआरवर, म्हणजे डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित नियमावलीवर. तुमचे आर्किटेक्ट शेवटची पडताळणी तिच्यावरच करतील. पहिल्या भेटीत मी नॅशनल बिल्डिंग कोडचे आकडे लावून पाहते, कारण तिथे नापास झालेला माळा पुढे पास झालेला मला तरी दिसलेला नाही.

ते किमान आकडे असे. राहण्याच्या खोलीचं क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर, रुंदी २.४ मीटर. घरात तेवढी एक खोली आधीच असेल तर दुसरी ७.५ चौरस मीटरची आणि २.१ मीटर रुंदीची चालते. उंची २.७५ मीटर, आणि छप्पर उतरतं असेल तर सरासरी २.७५. पण वळचणीकडे, म्हणजे छपराच्या खालच्या कडेला, किंवा तुळईखाली २.४ मीटरच्या खाली जायचं नाही. लोक सरासरीचं वाक्य लक्षात ठेवतात, पुढचं सोयीस्कर विसरतात.

आता तुमच्या मंजूर नकाशात माळा काय म्हणून दाखवलाय ते बघा. ‘लॉफ्ट’ लिहिलं असेल तर कायद्याच्या लेखी ती सामान ठेवायची, जास्तीत जास्त दीड मीटर उंचीची जागा आहे. तिथे पलंग टाकला म्हणून ती बेडरूम होत नाही.

एरंडवण्यातल्या एका बंगल्याचं उदाहरण देते, म्हणजे हिशेब डोळ्यासमोर येईल. खाली जवळजवळ तेरा फुटी, म्हणजे ३.९ मीटर उंचीचा हॉल, वर कडीपाट, म्हणजे तुळया आणि फळ्यांचं लाकडी छत, त्यावर माळा. दोन लांब भिंतींमधलं अंतर ५.४ मीटर. माळ्याच्या जमिनीपासून भिंतीचा माथा १.२ मीटरवर आणि तिथून मंगलोरी कौलांचं छप्पर तीस अंशांत आढ्यापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या आडव्या तुळईपर्यंत चढलेलं. मधोमध टेप लावला तर आढ्याखाली पावणेतीन मीटर भरतात, त्यामुळे मालक खुशीत होते. पण सरासरी काढली की १.२ आणि २.७६ ची निम्मी बेरीज, १.९८ मीटर. सपशेल नापास. काका म्हणाले, “अहो मॅडम, लहानपणी आम्ही चौघं भावंडं इथेच झोपायचो की!” झोपायचेच. पण सकाळी उठून सरळ उभं कोण राहायचं?

अशा वेळी दोन वाटा उरतात. एक, भिंती उंचावून छप्पर नव्याने घालायचं. त्यात घराची उंची वाढते, दर्शनी रूप बदलतं आणि खर्च नव्या मजल्याचाच येतो. दुसरी वाट जुन्या बंगल्यांनाच परवडते: खालच्या खोलीची उंची गरजेपेक्षा बरीच जास्त असते, तेव्हा माळ्याची जमीनच खाली घ्यायची. इथे आम्ही ती एक मीटर उतरवली. खालच्या हॉलला २.९ मीटर उरले, म्हणजे नियमात. वर भिंतीचा माथा २.२ मीटरवर गेला आणि आढं ३.७६ वर.

पण वळचणीकडे २.२ म्हणजे अजूनही २० सेंटिमीटर कमीच. त्यावर उपाय कपाटांचा. दोन्ही लांब भिंतींना लागून ६० सेंटिमीटर खोल कपाटं बांधून घेतली, म्हणजे खोली सुरू होते ती कपाटाच्या दारापासून. तिथे छप्पर ३५ सेंटिमीटर वर चढलेलं असतं, म्हणजे २.५५ मीटर. त्यातून छताखालच्या इन्सुलेशनचे आणि फळ्यांचे साधारण १२ सेंटिमीटर वजा करा. हे वजा करायला विसरू नका, कारण नकाशा काढताना सगळे नुसत्या वाशाखालची उंची धरतात आणि काम संपल्यावर टेप कमी भरतो. उरले २.४३. आढ्याखाली ३.६४. सरासरी तीन मीटरच्या वर. खोलीची रुंदी ४.२ मीटर, लांबी ३.६, क्षेत्रफळ पंधरा चौरस मीटर. पास. शिवाय कपाटं फुकटात मिळाली. बाहेरून आणली असती तर ती ठेवायची कुठे, हा या खोलीत नेहमीचाच वांधा.

जमीन उतरवायच्या आधी छप्पर कशावर उभं आहे ते पाहावं लागतं. आढं दोन टोकांच्या त्रिकोणी भिंतींवर आणि मधल्या खांबांवर बसलं असेल आणि वासे त्यावरून खाली आले असतील, तर जमिनीचा प्रश्न वेगळा सोडवता येतो. मात्र छपराला कैची, म्हणजे वासे पेलणारा त्रिकोणी लाकडी सांगाडा असेल तर तिचा आडवा दांडा खोलीच्या मधून जातो, आणि कुणीतरी सुतार हमखास म्हणतो, “ताई, एवढा दांडा काढून टाकतो, मोकळं होईल.” तो दांडा वाशांचे पाय एकत्र धरून ठेवतो. तो गेला की वासे भिंतींना बाहेर रेटायला लागतात. पहिल्या पावसाळ्यात भिंतीच्या माथ्याला आडवी चीर दिसते, पुढच्या वर्षी ती रुंद होते. कैचीचं छप्पर असलेल्या माळ्याला मी बहुतेक वेळा तिथेच नकार देते.

कडीपाटाच्या तुळयासुद्धा भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवतात. त्यामुळे सगळा कडीपाट एकदम उतरवायचा नाही. एक खण सोडवायचा, त्याची नवी तुळई खालच्या पातळीवर बसवायची, तिची टोकं भिंतीत पक्की करायची, मग पुढच्या खणाला हात लावायचा. जुन्या तुळयांच्या खोबणी विटांनी आणि चुन्याच्या मसाल्याने भरून घ्यायच्या. चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीवर वरून सिमेंटचा गिलावा थापू नका. ओल आत कोंडते आणि लाकडाची टोकं कुजवते.

खालच्या हॉलचे झरोकेही तपासा. जुन्या बंगल्यांत छताजवळ दोरीने उघडायचे व्हेंटिलेटर असतात. जमीन खाली आली की ते नेमके नव्या तुळयांच्या मागे जातात. मग खालच्या खोलीला खिडक्या पुरतात का, हा हिशेब नव्याने करावा लागतो.

जमीन खाली घ्यायची नसली तरी जुनं लाकूड तपासणं चुकत नाही. मधून सागवान उत्तम दिसतं, गडबड असते भिंतीत शिरलेल्या टोकाला. तिथला थोडा गिलावा फोडायला लावा आणि जुना स्क्रू ड्रायव्हर दाबून पाहा. चांगल्या सागात तो जेमतेम टेकतो. बोटभर आत गेला तर टोक गेलं असं समजा, वरून पॉलिश कितीही चकचकीत असो. हातोडीने ठोकून येणारा आवाजही ऐका. भरीव लाकूड खणखणीत बोलतं, वाळवीने पोखरलेलं बद्द.

भाराचा आकडा आयएस ८७५ या भारतीय मानकात आहे: घरातल्या खोलीला चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, आणि तोही बांधकामाचं स्वतःचं वजन सोडून. ट्रंका आणि दिवाळीचा आकाशकंदील ठेवायला बांधलेला माळा हा भार झेलेलच असं नाही. त्यावर काही कंत्राटदार सुचवतात, “वरून चार इंची काँक्रीट टाकतो, मजबूत होईल.” चार इंची काँक्रीटचंच वजन चौरस मीटरला अडीचशे किलो. माणसं चढण्याआधीच तुळयांनी अख्ख्या खोलीएवढा भार उचललेला असतो. वजन टाकून ताकद येत नाही हे पटवताना माझा घसा दरवेळी बसतो.

एरंडवण्यात आम्ही लोखंडी आय सेक्शन, म्हणजे इंग्रजी आय अक्षराच्या आकाराच्या तुळया घातल्या, २०० मिलिमीटर उंचीच्या, दीड-दीड मीटरवर. भिंतीत टेकतात तिथे काँक्रीटचे बेडब्लॉक, म्हणजे भार पसरवणारे ठोकळे. वर हलक्या लोखंडी पट्ट्यांची जाळी, त्यावर सिमेंट फायबर बोर्ड, मध्ये रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, आणि बोर्डाखाली रबराची पट्टी. ही पट्टी स्वस्त असते, पण तीच वगळली तर वर कुणी चप्पल घालून फिरलं की खालचा माणूस टीव्हीचा आवाज वाढवतो. तुमच्या घरात सेक्शन कोणता, ते तुमचा इंजिनिअर गणित करून ठरवेल. माझे आकडे उचलू नका. पुणे भूकंपाच्या झोन तीनमध्ये येतं, त्यामुळे भिंत आणि तुळई यांची बांधणी त्याने कागदावर दाखवायला हवी.

आता जिना. सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, कारण वरच्या खोलीसाठी खालची जागा द्यायला कुणी तयार नसतं.

शिडी चालत नाही. घडीची शिडीही नाही. गोल जिना दिसतो छान, पण बेडरूमचा एकमेव रस्ता म्हणून मी तो देत नाही. त्यावरून गादीसुद्धा धड चढत नाही, आजारी माणसाला खाली आणणं तर दूरच. कोडप्रमाणे घरातला जिना एक मीटर रुंद, पायरी किमान २५० मिलिमीटर खोल, पायरीची उंची फार तर १९० मिलिमीटर आणि एका दमात किती पायऱ्या चालतात यालाही मर्यादा. आमच्या घरात खालच्या जमिनीपासून नव्या जमिनीपर्यंत ३.१५ मीटर चढायचे होते. १७५ मिलिमीटरच्या अठरा पायऱ्या. एका सरळ रेषेत त्या नियमातही बसत नाहीत आणि हॉलमध्येही नाहीत, म्हणून नऊ-नऊच्या दोन टप्प्यांत मध्ये चौथरा घेऊन वळवल्या. लांबी तीन मीटर, रुंदी दोनाहून थोडी जास्त. म्हणजे सहा चौरस मीटर खालून गेले आणि तेवढेच वरून. वर पंधरा चौरस मीटरची खोली मिळवायला ही किंमत द्यायला तयार आहात का, ते घरात आधी बसून ठरवा. मला बोलावण्याच्याही आधी.

जिना खाली कुठे सुरू होतो यापेक्षा वर कुठे निघतो ते महत्त्वाचं. डोक्यावर २.२ मीटर मोकळे हवेत, आणि शेवटच्या पायऱ्यांवर माणूस छपराच्या सर्वांत जवळ असतो. म्हणून वरचं तोंड आढ्याखाली यायला हवं, वळचणीकडे नाही. खालचा सोयीस्कर कोपरा बहुधा बाहेरच्या भिंतीलगत असतो, आणि तोच नेमका वर सर्वांत बुटका असतो. मिस्त्रीला जमिनीवर खडूने जिना आखायला सांगा, वर माळ्यावर तसाच आखा, आणि ओळंबा सोडून दोन्ही जुळवा. कठडा मीटरभर उंच हवा, आणि लहान मूल असेल तर त्याच्या उभ्या गजांमधून डोकं जाणार नाही एवढीच फट ठेवा.

परवानगीचं थोडक्यात. माळा राहण्याची खोली झाला की तो एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम चालतं त्या हिशेबात, मोजला जातो. दाट वस्तीबाहेरच्या निवासी प्लॉटला मूळ एफएसआय १.१ आहे आणि जुन्या बंगल्यांनी तो क्वचितच पूर्ण वापरलेला असतो, त्यामुळे डेक्कन-एरंडवण्याकडे इथे अडत नाही. लागतं ते प्रॉपर्टी कार्ड, जुना मंजूर नकाशा, नवा नकाशा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आणि सगळ्या सहमालकांच्या सह्या. शेवटच्या बाबीला सर्वाधिक वेळ लागतो. एक भाऊ कोथरूडला, दुसरा न्यू जर्सीला, आणि दोघांचं बोलणं बंद. एमआरटीपी, म्हणजे राज्याचा नगररचना कायदा १९६६ चा आहे आणि विनापरवानगी बदलाला त्याच्या कलम ५३ खाली नोटीस येते. वर मिळकतकरात शास्ती लागू शकते ती वेगळी.

पेठेत राहणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्या. वाडा पालिकेच्या हेरिटेज यादीत आहे का, आणि शनिवारवाडा किंवा पाताळेश्वर यांच्यासारख्या केंद्रीय संरक्षित वास्तूपासून तो किती लांब आहे. अशा वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या २०० मीटरांत वेगळी परवानगी लागते. डागडुजीही विचारूनच करायची. आणि तुम्ही भाडेकरू असाल तर मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम करू नका. भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे ते जागा खाली करून मागायला सबळ कारण ठरतं. फ्लॅटवाल्यांनी वरच्या गच्चीत चढून खोली काढायचा विचार सोडून द्यावा. ती गच्ची सोसायटीची असते.

छपराचं काम दिवाळीनंतर सुरू करा आणि मृगाच्या आधी बंद करा. मे महिन्यात वळीव कधीही येतो, म्हणून एका वेळी एकच पाखाडी, म्हणजे छपराची एकच उतरती बाजू, उघडायची आणि ताडपत्री हाताशी ठेवायची.

कौलाखाली एप्रिलमध्ये दुपारी खोली भट्टी होते, त्यामुळे इन्सुलेशनला पर्याय नाही. क्रम असा ठेवा: कौल, रीप, त्याखाली पाणी अडवणारा पण वाफ सोडणारा पडदा, मग दोन-तीन सेंटिमीटर मोकळी हवा, मग ५० मिलिमीटर रॉकवूल, आणि सर्वांत खाली फळ्या किंवा सिमेंट बोर्ड. मोकळ्या हवेला वळचणीकडून आत आणि आढ्यावरून बाहेर जायला वाट हवी, नाहीतर ती नुसतीच तापून बसते. वळचणीच्या तोंडांना बारीक जाळी मारा. नाहीतर उंदीर आणि वटवाघळं आत शिरतात. चंदेरी फॉइल लावणार असाल तर तिच्या एका बाजूला हवा मोकळी असायलाच हवी. दोन्हीकडून चिकटवलेली फॉइल उष्णता अडवत नाही. साधा जिप्सम मी कौलाखाली लावू देत नाही. मांजर एक कौल सरकवतं आणि दोन सरींत छताला पिवळा नकाशा उमटतो.

पूर्वी शाकारणीला माणूस यायचा तेव्हा माळ्यावरून वर पाहिलं की उजेडाचे ठिपके दिसायचे, फुटकी कौलं तिथेच सापडायची. छत बंद केल्यावर ती सोय संपते. म्हणून कपाटांची पाठ स्क्रूने काढता येईल अशी करा, प्रत्येक वाशाचा पाय आणि भिंतीचा माथा वर्षातून एकदा बॅटरी मारून पाहता आला पाहिजे. ओल पहिल्यांदा तिथेच दिसते.

उजेड आणि हवेसाठी खिडक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या एक षष्ठांश धरा. कोड हवामानाप्रमाणे एक दशांशही चालवतो, पण माळ्यावर कंजूषपणा नको. पंधरा चौरस मीटरला अडीच चौरस मीटर. आम्ही त्रिकोणी भिंतीत दीड मीटर बाय १.२ ची खिडकी घेतली आणि पूर्वेच्या पाखाडीत ९० सेंटिमीटरची डॉर्मर, म्हणजे छपरातून बाहेर काढलेली उभी खिडकी. पुण्याचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, त्या बाजूला छपरात भोक पाडायचं नाही. काचेची कौलं हौसेला दोन-चार घाला. ती उजेड देतात, हवा नाही, म्हणून हिशेबात धरू नका.

अमेरिकन कोडमधली एक गोष्ट मात्र मी उचलली आहे. तिथे प्रत्येक बेडरूमला माणूस बाहेर पडू शकेल अशी खिडकी सक्तीची असते: मोकळी जागा साधारण अर्धा चौरस मीटर, उंबरा जमिनीपासून ४४ इंचांच्या आत. आपल्याकडे चोरांच्या भीतीने प्रत्येक खिडकीला पक्कं ग्रिल. लाकडी जिन्याला आग लागली तर वरचा माणूस त्या ग्रिलमागे अडकतो. त्रिकोणी भिंतीतल्या खिडकीचं ग्रिल बिजागरीवर करा, कडी आतून, कुलूप नाही. कुलपाची किल्ली आगीत सापडत नसते. जिन्याच्या माथ्यावर बॅटरीवरचा स्मोक अलार्म लावा, आणि वरच्या मजल्याला स्वतंत्र एमसीबी व ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, द्या. वायरी लाकडावरून उघड्या फिरवायच्या नाहीत, पाइपातूनच. एसीचं बाहेरचं युनिट भिंतीवर, कौलांवर कधीच नाही.

वर बाथरूम हवंच असेल तर ते खालच्या बाथरूमच्या डोक्यावरच घ्या, नळ-निचऱ्याच्या लाइनी जमिनीतून आडव्या नेऊ नका. जागा नसेल तर रात्री अठरा पायऱ्या उतरायची तयारी ठेवा.

काम संपलं की पालिकेत पूर्णत्वाचा अर्ज टाका आणि भोगवटा पत्र हातात घ्या. कर आकारणीत वाढीव खोलीची नोंद करा. मंजूर नकाशा, भोगवटा पत्र आणि इंजिनिअरचा दाखला एकाच फाइलमध्ये ठेवा. घर गहाण टाकायचं झालं तर बँकेचा माणूस फक्त नकाशावरच्या खोल्या मोजतो.